तुटलेला धागा आणि न पडलेली तार

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून अण्णांनी रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी निघाल्या ४८ हजार. एरवी त्या चार ते अकरा हजारांच्या मध्ये असतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आणखी तपासण्या झाल्या, आजाराला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, असं नाव मिळालं आणि शेवटी 'फिश' नावाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला. तो पिशवीत घालून अण्णा सकाळीच आमच्याकडे आले. इंदूरात रामबागेतल्या आमच्या गल्लीत कोणाचाही लॅबचा कागद आधी माझ्याकडे येतो आणि मग डॉक्टरकडे जातो. ही सवय मी कितीदा मोडायचा प्रयत्न केला, मोडत नाही. पोहे पुढे ठेवले, त्यांनी हात लावला नाही.

"ताई, डॉक्टर म्हणून राहिले की कॅन्सर आहे, पण आत्ता औषध नाही. आणि हे बघा, तेरा क्यू डिलीशन. काहीतरी डिलीट झालंय ना? मग ते परत भरून द्यायचं सोडून घरी काय पाठवलं?"

मी लॅबच्या सायटोजेनेटिक्स, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या, विभागात वीसेक वर्षं काढली. रिपोर्टखाली सही करणाऱ्यांतली मी नव्हे, अंधाऱ्या खोलीत डोळा लावून ठिपके मोजणाऱ्यांतली. तेव्हा सल्ला देणं माझं काम नाही. पण 'परत भरून का देत नाहीत' हा प्रश्न इतका नेमका होता की त्याचं उत्तर देता देता अर्धा ब्लड कॅन्सर समजावून झाला. ते उत्तर इथे जरा नीट मांडते.

आपल्या हाडांतल्या मगजात रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार होतात. पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) वेगळ्या. एवढ्या मोठ्या कारखान्यात दोन प्रकारची बिघाडं होतात. पहिला प्रकार म्हणजे नसती गोष्ट तयार होणं. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोड-जनुक बनतं, त्याचं प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असं अखंड सांगत सुटतं आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होतो. इथे गुन्हेगार हजर असतो, त्यामुळे त्याचा हात धरता येतो. २००१ साली आलेली इमॅटिनिबची गोळी नेमकं तेच करते.

दुसरा प्रकार म्हणजे असायला हवी ती गोष्ट नसणं. पेशीला थांबवणारी, दुरुस्ती होईपर्यंत रोखून धरणारी, दुरुस्ती जमली नाही तर तिला मरायला लावणारी काही जनुकं असतात. त्यांना ट्यूमर सप्रेसर जनुकं म्हणतात. ती गेली किंवा बिघडली की रोखणारं कोणी उरत नाही. औषध म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन अडकणारा रेणू. जे प्रथिन तिथे नाहीच, त्याच्यात अडकणार कुठे? आणि कोट्यवधी पेशींत शिरून प्रत्येकीत हरवलेलं जनुक परत बसवायचं तंत्र ल्युकेमियासाठी आज तरी उपचारात नाही. अण्णांच्या प्रश्नाचं थेट उत्तर एवढंच होतं. पण ते ऐकून त्यांचा चेहरा पडला, म्हणून पुढे बोलावं लागलं.

अण्णा मिलमधले. साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात होते, मिल बंद पडेपर्यंत. त्यांना मी गाडी आणि ब्रेकचं उदाहरण द्यायला लागले, जे सगळे देतात, तर म्हणाले, "ब्रेक माणूस दाबतो हो. हे आपोआप थांबणारं असेल तर ते साच्याच्या तारेसारखं." मग त्यांनीच मला शिकवलं. ऑटोमॅटिक साच्यावर प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लोंबत असते, तिला ते तार म्हणतात. धागा ताणलेला आहे तोवर ती वर टांगून राहते. धागा तुटला की तार खाली पडते आणि साचा जागच्या जागी थांबतो. विणकर येतो, गाठ मारतो, साचा पुन्हा सुरू. आणि तारेच्या फटीत कापसाचं तूस अडकलं तर? "तर धागा तुटतो, तार पडत नाही, साचा चालूच. ठाणभर खोट जाते."

याहून चांगलं उदाहरण मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

पेशीतली ही तार म्हणजे पी५३ नावाचं प्रथिन, आणि ते बनवणारं जनुक टीपी५३. ते सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर असतं. गुणसूत्राच्या आखूड बाजूला 'पी' म्हणतात आणि लांब बाजूला 'क्यू', म्हणून रिपोर्टवर '१७पी' असं दिसतं. पी५३ मधल्या 'पी'चा मात्र त्याच्याशी संबंध नाही, तो प्रोटीनचा पी. आणि ५३ हा त्याच्या वजनाचा आकडा, तोही चुकीचा. जेलवर ते ५३ किलोडाल्टनच्या जागी दिसलं म्हणून नाव पडलं, खरं वजन ४४च्या आसपास आहे. चूक नावात राहून गेली.

पण याहून मोठी चूक दहा वर्षं टिकली. १९७९ साली हे प्रथिन सापडलं तेव्हा सगळ्यांनी त्याला कॅन्सर वाढवणारं समजून ठेवलं, कारण प्रयोगशाळांत ज्या प्रती वापरल्या जात होत्या त्याच बिघडलेल्या होत्या. १९८९च्या सुमारास लक्षात आलं की धडधाकट पी५३ उलट कॅन्सर रोखतं. राखणदारालाच चोर म्हणून दहा वर्षं कोठडीत ठेवलं होतं.

ते काम कसं करतं हे बघण्यासारखं आहे. निरोगी पेशीत पी५३ सारखं बनतं आणि सारखं मोडलं जातं. एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून मोडीत काढतं, अर्ध्या तासाच्या आतच. उगाच कशाला बनवायचं आणि मोडायचं, असं वाटेल. पण त्यामुळे गरज पडली की नव्याने तयारी करावी लागत नाही, मोडणं थांबवलं की पुरे. डीएनएचा दुहेरी धागा तुटला की एटीएम नावाचं प्रथिन ओरडतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल, आणि पैसे काढायच्या यंत्राशी त्याचा काही संबंध नाही. ते पी५३ला खूण करतं, मग एमडीएम२ला ते पकडता येत नाही, साठा वाढतो, आणि पी५३ डीएनएवर बसून इतर जनुकं चालू करायला लागतं. त्यांतलं एक, पी२१, पेशीचं विभाजन थांबवतं. साचा थांबला. दुरुस्ती झाली तर ठीक. नाही झाली तर पी५३ दुसरी जनुकं चालू करतं आणि पेशी स्वतःला संपवते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक गेली तर दुसरी सांभाळते. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांची माहिती मांडून गणिताने दाखवलं की असा कॅन्सर व्हायला दोन आघात लागतात. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ साली, पंधरा वर्षांनी. (हत्तीकडे टीपी५३च्या वीस प्रती असतात. एवढं मोठं शरीर, एवढ्या पेशी, तरी त्याला कॅन्सर फारसा होत नाही, आणि त्याचं एक कारण हे मानतात. अण्णांना ही गोष्ट फार आवडली. गणपतीच्या दिवसांत सगळ्यांना सांगत होते.)

पण पी५३च्या बाबतीत 'एक गेली तर दुसरी सांभाळते' हे नेहमी खरं ठरत नाही. पी५३चे चार रेणू एकत्र आले की मगच काम होतं. पालखीला चार भोई लागतात तसं. एक प्रत पूर्ण हरवली तर भोई कमी मिळतील, पण जे येतील ते धड असतील. एक प्रत बिघडली आणि लंगडे भोई पाठवत राहिली तर? निम्मे धड, निम्मे लंगडे असे मिसळले तर चारही धड असलेली पालखी सोळातून एकदाच निघते. म्हणून कधी कधी जनुक हरवण्यापेक्षा बिघडणं महागात पडतं. हा फरक रिपोर्ट वाचताना फार उपयोगी पडतो.

आता अण्णांचा कागद. फिशमध्ये आम्ही पेशींवर चमकणारे रंगीत तुकडे सोडतो. ते आपापल्या जागी जाऊन चिकटतात. तेराव्या गुणसूत्राच्या त्या जागेला लाल, ताडून बघायला दुसऱ्या टोकाला हिरवा. दोन गुणसूत्रं, म्हणून दोन लाल, दोन हिरवे दिसायला हवेत. अण्णांच्या २०० पेशींपैकी १२४ मध्ये हिरवे दोन आणि लाल एकच होता. हेच ते १३क्यू डिलीशन. खाली लिहिलं होतं, ११क्यू आणि १७पी जागेवर आहेत. मला रिपोर्ट उघडताक्षणी आधी तीच ओळ बघायची सवय आहे, आणि ती वाचून मीच हुश्श केलं.

का, ते सांगते. २००० साली जर्मनीतल्या एका गटाने सीएलएलच्या ३२५ रुग्णांचं फिश करून बघितलं. ५५ टक्क्यांत १३क्यूचा तुकडा नव्हता, १८ टक्क्यांत ११क्यूचा, ७ टक्क्यांत १७पीचा. काहींत बारावं गुणसूत्र एक जास्त होतं. ज्यांच्यात फक्त १३क्यू गेलं होतं त्यांच्या आयुष्याचा मध्यांक (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात तो आकडा) १३३ महिने निघाला, १७पी गेलेल्यांचा ३२ महिने. हे आकडे इंटरनेटवर आजही फिरतात आणि लोक रात्री दोन वाजता ते वाचून मला मेसेज करतात. म्हणून स्पष्ट सांगते: ते जुन्या केमोथेरपीच्या काळातले आहेत. आजच्या १७पीच्या रुग्णाला ते लावू नका.

११क्यूवर कोण बसतं? मघाचं ओरडणारं एटीएम. १७पीवर पी५३. म्हणजे दोन्ही एकाच साखळीतली माणसं, एक हाक मारणारा, दुसरा ती ऐकून साचा थांबवणारा. आणि या साखळीला एवढं महत्त्व का, तर जुन्या केमोथेरपीचा सगळा भरवसा तिच्यावर होता. केमो पेशीला मारून टाकते असं आपण बोलतो. फ्लुडाराबिनसारखी औषधं खरं तर डीएनएची मोडतोड करतात आणि पुढचं काम पेशीवर सोपवतात. मोडतोड बघून पी५३ जागं होणार आणि पेशी स्वतःला संपवणार, असा तो हिशोब. पी५३च नसेल तर मोडतोड होते आणि पेशी तशीच पुढे चालते. वर आणखी एक घोटाळा: केमोने पी५३ असलेल्या पेशी मरतात आणि नसलेल्या मागे उरतात. सुरुवातीला मूठभर असलेल्या अशा पेशी दोन-तीन वर्षांनी सगळं रान व्यापतात. म्हणूनच पहिल्या निदानाच्या वेळी १७पी ठीक होतं यावर विसंबून चालत नाही. सीएलएलच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात की उपचाराची प्रत्येक नवी फेरी सुरू करण्याआधी टीपी५३ पुन्हा तपासा.

आणि तपासा म्हणजे दोन तपासण्या, एक नव्हे. इथे घोळ होतात. फिशला तुकडा गायब झालेला दिसतो, जनुकातलं एखादं अक्षर बदललेलं दिसत नाही. तार टांगलेली आहे की नाही एवढंच तिला कळतं, तुसात अडकलीय हे नाही. ते बघायला सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचणं, करावं लागतं. १७पी डिलीशन असलेल्या सीएलएलमध्ये बहुतेकदा उरलेली प्रतही बिघडलेली सापडते. उलट काही थोड्या रुग्णांत डिलीशन नसतं, नुसतं म्युटेशन, म्हणजे अक्षराचा बदल, असतं, आणि 'फिश नॉर्मल' वाचून सगळे गाफील राहतात.

नमुन्याचाही प्रश्न असतो. फिशसाठी रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत घेतात, त्यात हेपरिन असतं. सिक्वेन्सिंगला जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी लागते, कारण हेपरिनने डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रियाच अडते. मी जिथे होते तिथे एकदा खरगोनकडच्या एका बाईंचं रक्त दोन्ही तपासण्यांसाठी एकाच हिरव्या नळीत आलं. चूक कोणाची यावर फोनाफोनी झाली, आणि त्या बाई पुन्हा बसने येऊन गेल्या. आठ दिवस गेले. तेव्हापासून मी टोपणाचा रंग सांगत सुटते, घरचे हसतात.

आता १३क्यूची गोष्ट, कारण अण्णांच्या वाट्याला ती आली आहे. शिवाय या सगळ्या विषयातली माझी आवडती गोष्ट तीच आहे.

निम्म्याहून जास्त रुग्णांत एकच तुकडा गायब असेल तर तिथे नक्की काहीतरी मोलाचं असणार, हे सगळ्यांना दिसत होतं. शेजारीच तो नडसनवाला रेटिनोब्लास्टोमाचा जनुक आहे, आधी संशय त्याच्यावर गेला. तो सुटला. मग वर्षानुवर्षं त्या तुकड्यात प्रथिन बनवणारं जनुक शोधत बसले, हाती काही लागेना. २००२ साली जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवलं की तिथे दोन मायक्रोआरएनए आहेत, १५ए आणि १६-१. ही जनुकं प्रथिन बनवतच नाहीत. त्यांच्यापासून आरएनएचे बावीसेक अक्षरांचे चिमुकले तुकडे बनतात, आणि ते दुसऱ्या जनुकांचे निरोप अडवतात. मायक्रोआरएनए आणि कॅन्सर यांचं नातं तिथे पहिल्यांदा दिसलं. ते कोणाचा निरोप अडवतात, तेही २००५ साली कळलं: बीसीएल२चा.

बीसीएल२ हे पेशीला मरू न देणारं प्रथिन. पेशीच्या आत तिला संपवणारी प्रथिनं तयारच असतात, बीसीएल२ त्यांना मिठी मारून बसतं. मायक्रोआरएनए गेले, अडवणारं कोणी नाही, बीसीएल२ भरमसाट झालं, आणि लिम्फोसाइट (सीएलएलमध्ये वाढतात त्या पांढऱ्या पेशी) मरायची वेळ झाली तरी मरेनात. सीएलएलमध्ये पेशी फार वेगाने वाढतात म्हणून आकडा ४८ हजार होतो असं सरसकट नाही. त्या जायच्या वेळी जात नाहीत, हा त्यातला मोठा भाग.

आणि इथे अण्णांच्या प्रश्नाला दुसरं उत्तर मिळतं. हरवलेलं परत भरता येत नाही. पण ते हरवल्यामुळे जे माजलं, ते तर हजर आहे ना? त्याचा हात धरता येतो. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी बीसीएल२च्या खाचेत जाऊन बसते, मिठी सुटते, मोकळी झालेली प्रथिनं पेशीला संपवतात. यात पी५३ला विचारावं लागत नाही, कारण हे सगळं त्याच्या पुढच्या पायरीवर घडतं. म्हणून अमेरिकेत २०१६ साली या औषधाला पहिली परवानगी मिळाली ती १७पी डिलीशनवाल्या सीएलएलसाठीच, ज्यांच्यावर केमो चालत नव्हती त्यांच्यासाठी.

हे ऐकून अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "तार बिघडली तर आम्ही पट्टा ढिल्या पुलीवर सरकवायचो. साचा थांबल्याशी मतलब."

हो, तेच. औषध इतकं झपाट्याने पेशी मारतं की त्यांचा कचरा एकदम रक्तात येऊन मूत्रपिंड कोलमडू शकतं. म्हणून २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ५०, १००, २०० असं करत पाचव्या आठवड्यात ४०० वर नेतात. दुसरी वाट बीटीके नावाच्या प्रथिनाला रोखणाऱ्या गोळ्यांची, इब्रुटिनिब आणि तिच्या धाकट्या बहिणी. त्या लिम्फोसाइटला बाहेरून मिळणारा 'जगत राहा' हा निरोपच तोडतात. १७पीच्या रुग्णांना यांचा मोठा आधार झाला आहे. तरीही टीपी५३ गेलेला आजार या औषधांवरही तुलनेने लवकर उलटतो, आणि दोन्ही खिशाला जड आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही.

अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियाचं चित्र वेगळं आणि जास्त कठोर. प्रौढांच्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात नवव्या गुणसूत्रावरचं सीडीकेएन२ए बरेचदा गायब असतं. या एका जनुकातून दोन प्रथिनं निघतात, एक पी५३ला जपतं, दुसरं रेटिनोब्लास्टोमावाल्या प्रथिनाला. एक तुकडा गेला की दोन्ही घरं उघडी पडतात. फिलाडेल्फिया गुणसूत्र (मघाच्या नऊ-बावीसच्या अदलाबदलीतून बनलेलं) असलेल्या रुग्णांत बहुतेकदा आयकेझेडएफ१ नावाचं जनुकही गेलेलं असतं. अक्यूट मायलॉइडमध्ये टीपी५३चा बिघाड पाच-दहा टक्क्यांत असतो, पण आधी दुसऱ्या कॅन्सरसाठी केमो किंवा शेक घेतलेल्यांत त्याहून बराच जास्त. २०२२च्या वर्गीकरणांपैकी एकात तर हा वेगळा आजार म्हणूनच धरला आहे. त्यावर आजची औषधं तोकडी पडतात, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही. बिघडलेल्या पी५३ला पुन्हा आकारात आणणारं एक औषध मोठ्या आशेने आलं होतं. २०२० साली मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या (मगजात रक्तपेशी नीट घडत नाहीत असा आजार) तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत त्याला ठरवलेलं लक्ष्य गाठता आलं नाही.

अण्णांच्या मुलीने फोनवरून एकच विचारलं: आम्हाला होईल का? १३क्यू किंवा १७पी असं गळून पडतं ते अण्णांच्या रक्तपेशींत, आयुष्यात कधीतरी. ते मुलांकडे जात नाही. सीएलएलच्या रुग्णांच्या भावंडांत आणि मुलांत हा आजार इतरांपेक्षा कित्येक पट जास्त दिसतो हे खरं, पण मुळात तो आपल्याकडे कमी, म्हणून तो धोकाही लहानच. टीपी५३चा बिघाड जन्मतःच असलेली घराणी असतात, त्याला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात. तिथे तरुण वयात, एकाच घरात, तऱ्हेतऱ्हेचे कॅन्सर होतात. तसा इतिहास असेल तरच जनुकीय सल्लागाराकडे जायचं. ऊठसूट सगळ्या घराची तपासणी करायचं खूळ मला पटत नाही.

राहिला प्रश्न औषध आत्ता का नाही हा. सीएलएलमध्ये नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा बघून उपचार करत नाहीत. हिमोग्लोबिन किंवा बिंबिका घसरायला लागल्या, गाठी वा प्लीहा फार वाढली, वजन उतरलं, रात्री घामाने अंथरूण भिजायला लागलं, तर. लवकर सुरू करून आयुष्य वाढल्याचं आजवर दिसलेलं नाही. फक्त १३क्यू असलेले बरेच जण वर्षानुवर्षं असेच राहतात, तीन-सहा महिन्यांनी रक्त दाखवत. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही डॉक्टरांनी होऊ दिलं.

पोहे गार झाले होते. वरून शेव घालून त्यांनी ते तसेच खाल्ले. मग खिशातली डायरी काढली, ज्यात दुधाचा हिशोब असतो, आणि मागच्या पानावर लिहिलं: 'इलाज सुरू करायच्या आधी १७पी परत. टीपी५३ म्युटेशनसुद्धा.' जिन्यात पोचले आणि तिथूनच ओरडले, "ताई, ती दुसरी नळी कोणत्या टोपणाची म्हणालात?"

"जांभळ्या!"